हिरव्या व तपकिरी बाटल्यांविषयी खुलासा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, फक्त पांढरी काच पुन्हा वितळवता येते, त्यामुळे हिरव्या व तपकिरी बाटल्या वेगळ्या ठेवण्यात अर्थ नाही. हे खरे नाही. तिन्ही रंगांची काच गुणवत्ता न गमावता पुनःपुन्हा वितळवता येते.

अडचण वितळण्याची नसून रंगाची आहे. हिरवा रंग क्रोमियमच्या ऑक्साइडमुळे, तर तपकिरी रंग लोह, गंधक आणि कार्बन यांच्यामुळे येतो, आणि एकदा काचेत मिसळलेला हा रंग भट्टीत वेगळा काढता येत नाही. म्हणून पांढऱ्या काचेच्या भट्टीत रंगीत चुरा जवळजवळ चालत नाही, हिरव्या काचेच्या भट्टीत मात्र मिश्र चुरा बराच खपतो. ज्या भागात एखाद्या रंगाच्या बाटल्या येतात जास्त आणि बनतात कमी, तिथे तो चुरा साचतो. ब्रिटनमध्ये आयात वाइनमुळे हिरव्या काचेचे हेच झाले. भंगारवाला पांढऱ्या काचेला जास्त भाव देतो, त्यावरूनच बहुधा हा गैरसमज पसरला असावा. पण कमी भाव म्हणजे निरुपयोगी माल नव्हे. कच्च्या मालाऐवजी १० टक्के चुरा वापरला, तर भट्टीची सुमारे २.५ ते ३ टक्के ऊर्जा वाचते.

तेव्हा बाटल्या कृपया रंगानुसार वेगळ्या आणि न फोडता द्याव्यात. चिनी मातीचे कप व उष्णतारोधक काचेची भांडी मात्र त्यांत मिसळू नयेत, कारण ती त्या तापमानाला नीट वितळत नाहीत.