लाल पेरू

स्टेशनबाहेर पाटीवाल्या मावशींकडून पेरू घेतला, चिरून तिखटमीठ लावू का विचारल्यावर नको म्हटलं आणि तसाच दातांनी तोडला. आत पाहतो तर लालसर! पांढऱ्याच्या भावात लाल पेरू. मी खूश होऊन म्हटलं, "मावशी, न सांगता लाल दिलात की." मावशींनी आधी पेरूकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "पांढराच हाय तो, दादा. तुमचं दात बघा."

घरी येऊन आरशासमोर खालचा ओठ उलटा केला. पुढच्या दातांच्या मुळाशी हिरड्या टम्म फुगलेल्या, जांभळट झालेल्या. तसं महिनाभर बेसिनमध्ये फेस गुलाबी पडत होताच, पण आमची पेस्ट लाल रंगाची, त्यामुळे सगळा दोष मी पेस्टवर ढकलला होता.

आता रक्त म्हटल्यावर माणूस काय करतो? जपतो. मीही जपलं. खालच्या पुढच्या सहा दातांना ब्रश लावणंच बंद केलं. जखमेवर कुणी खराटा फिरवतं का? आणि त्या सहा दातांचा वाचलेला जोर उरलेल्यांवर काढला. आमचा ब्रश ज्या जातीचा होता त्याने बाथरूमची लादी छान निघाली असती. पंधरा दिवसांत फेस गुलाबीवरून डाळिंबी झाला.

मग सल्ले सुरू झाले. हिरड्या दुखतात हे कुणाला सांगू नये. पोट बिघडलं तर लोक एक उपाय सांगतात, हिरड्यांवर प्रत्येकाकडे तीन असतात. तुरटीच्या पाण्याने चुळा भर. हळद, मीठ आणि तेल एकत्र करून बोटाने चोळ. डाळिंबाची साल उकळ. ऑफिसातल्या एकाने 'सी जीवनसत्त्व कमी पडतंय' असं निदान करून मला थेट इतिहासात नेलं. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमाराच्या वैद्याने जहाजावरचे स्कर्व्हीचे (सी जीवनसत्त्व कमी पडून हिरड्या सुजतात, रक्त येतं, तो आजार) बारा रुग्ण घेतले, दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला सिरका, कुणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. ती जोडी सहा दिवसांत उभी राहिली. गोष्ट खरी आहे. पण ते खलाशी महिनोन्महिने ताज्या फळाभाजीविना समुद्रावर असायचे. माझा आजवरचा सगळ्यात लांबचा सागरी प्रवास गेटवे ते मांडवा, आणि घरी पोह्यांवर रोज लिंबू.

या सगळ्यात आई मात्र दारातल्या खुर्चीवर बसून निवांत होती. "आरं, मी पन्नास वर्सं मशेरी लावतीय. तव्यावर भाजायची, चुरायची न् लावायची. माज्या हिरडीतनं एक थेंब कधी आला न्हाई." हा युक्तिवाद बिनतोड होता. तिच्या दातांचा रंग काळ्या उडदासारखा, चार दात हलणारे, पण रक्त नाही ते नाहीच.

शेवटी बायकोने माझ्या वतीने दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर मॅडमनी आधी माझी उलटतपासणी केली. साखर आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? बीपीची कुठली घेता? हिरड्यांच्या रक्तात या सगळ्यांचा हात असू शकतो म्हणे. मग एक बारीक, आकडे कोरलेली सळई घेतली आणि दात आणि हिरडी यांच्या फटीत घालून मोजायला लागल्या. शेजारी मदतनीस मुलगी लिहून घेत होती. "दोन, तीन, तीन. तीन, चार, पाच." तंबोला चालू असल्यासारखं. मी मनात म्हटलं, पाच लागला! नंतर कळलं, या खेळात मोठा आकडा लागणं वाईट. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दाताला सोडायला लागलेली असू शकते. माझे मोठे आकडे नेमके त्या जपलेल्या सहा दातांपाशी.

"इथे ब्रश करत नाही का?"

"रक्त येतं म्हणून बंद केलं," असं म्हणायचं होतं. तोंडात सळई, आरसा आणि पाणी ओढणारी नळी असताना "अक्क येअं अणून" एवढंच बाहेर पडलं. त्यांना कळलं. दाताच्या डॉक्टरांना ही भाषा शिकवत असावेत.

"अहो, घासत नाही म्हणून रक्त येतंय," त्या म्हणाल्या. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो काढला नाही तर हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी नुसत्या स्पर्शाने रक्त सोडते. तोच थर थोड्याच दिवसांत लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. ते किटण. ते मग ब्रशच्या बापाला निघत नाही.

ते काढताना जो आवाज होतो तो लिहून दाखवता येणार नाही. किटली शिट्टी मारतेय आणि ती किटली आपल्या जबड्यात आहे, अशी कल्पना करा. अर्ध्या तासाने चूळ भरली आणि जीभ फिरवली तर दातांमध्ये फटी! लोक म्हणतात ते खरं, दात साफ केले की खिळखिळे होतात! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "फटी आधीपासून होत्या. किटणाने बुजल्या होत्या." म्हणजे इतकी वर्षं माझ्या तोंडात फुकटचं सिमेंट होतं.

निघताना मऊ ब्रश, हिरडीशी पंचेचाळीस अंशांत धरायचा, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी आरशासमोर उभा राहिलो, हे घरात कुणालाच नवल वाटलं नाही. दोन मिनिटं किती लांब असतात हे मात्र तेव्हाच कळलं. वीस सेकंदांत माझा ब्रश सगळे दात फिरून परत यायचा. रात्री दातांमधून दोरा ओढायचा. पहिले काही दिवस रक्त आलं, पुढच्या आठवड्यात कमी झालं, मग थांबलं.

जाता जाता मी आईच्या मशेरीचं विचारलं होतं. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मॅडम म्हणाल्या. आत रोग चालूच असतो, रक्त तेवढं दिसत नाही. हे मी घरी सांगितलं. आईने ऐकलं आणि तवा गॅसवर ठेवला.

माझं भाषण फुकट गेलं, पण नातीने डबीच लपवली. आई दोन दिवस चिडचिडली, मग माझ्या जुन्या ब्रशावर आली. दहाव्या दिवशी बेसिनपाशी हाक ऐकू आली. "बघ! बघ हिकडं!" फेस गुलाबी. "पन्नास वर्सात थेंब न्हाई, न् तुज्या डाक्टरनीचं ऐकलं तर रक्त! डबी कुटं हाय?"

रक्तवाहिन्या कशा मोकळ्या होतात ते मी समजावायला लागलो. ती डबी शोधायला गेली.

मंगळवारी साडेपाचची वेळ घेतली आहे. आकडे लिहून घ्यायला नात येणार आहे.