बीपीची गोळी बंद करू नका: ‘वेदना मोजणाऱ्या यंत्रा’च्या मेसेजला उत्तर

मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय म्हटल्यावर तो मेसेज तिच्या फोनवर पोचायचाच होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भूल देतात म्हणजे नुसतं शरीर लुळं करतात, वेदना सगळ्या जाणवतात; आता वेदना मोजणारं यंत्र निघालंय, ते नसेल तिथे टेबलावर झोपू नका; आकडा ५० च्या वर गेला की पेशंट आतून तळमळत असतो; आकडा चुकू नये म्हणून बीपीच्या गोळ्या दोन दिवस आधी बंद करा; आणि फेंटानिल, म्हणजे भूल देताना वापरतात ते जोरदार वेदनाशामक, घेऊ नका, व्यसन लागतं.

गोळ्यांचं आधी, कारण मावशीने तेवढंच विचारलं: “मग मी गोळी थांबवू का रे?”

मुळीच नाही. ती मेटोप्रोलॉल घेते, म्हणजे बीटा ब्लॉकर, नाडी आणि बीपी आवरणाऱ्या गोळ्यांतली एक. वर्षानुवर्षं चालू असलेली ही गोळी एकाएकी तोडली तर नाडी आणि बीपी उसळी मारतात, हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरं पडू शकतं, आणि हे सगळं नेमकं ऑपरेशनच्या ताणात. म्हणून जे आधीपासून बीटा ब्लॉकर घेतात त्यांनी तो चालू ठेवावा, असंच वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मेसेजमध्ये एक कण खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो: यातली बरीच यंत्रं नाडीवरून हिशेब करतात आणि बीटा ब्लॉकर नाडीलाच लगाम घालतो, त्यामुळे आकडा फसवा येऊ शकतो. पण त्यावर उपाय म्हणजे भूलतज्ज्ञाला गोळीचं नाव सांगणं. यंत्राचा आकडा सुबक यावा म्हणून हृदय पणाला लावायचं, हा कुठला न्याय? बीपीच्या काही गोळ्या ऑपरेशनपुरत्या थांबवतात हेही खरं. कोणत्या, ते भूलतज्ज्ञ सांगतो, मेसेज नाही.

आता ते यंत्र. ते वेदना मोजतच नाही. वेदना हा अनुभव आहे आणि शरीराला इजा झाल्याचे संदेश मज्जातंतूंतून वर जाणं ही वेगळी गोष्ट आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारताना हा फरक स्पष्ट नोंदवला. गाढ भुलेतही चीर दिली की नाडी वाढते, डोळ्यांतल्या बाहुल्या विस्फारतात, घाम येतो. शरीराची ही प्रतिक्रिया यंत्र टिपतं आणि तिचा ० ते १०० असा आकडा करतं. पण एएनआय नावाच्या यंत्रात आकडा साधारण ५० ते ७० ठेवायचा असतो, त्याखाली गेला की वेदनाशामक कमी पडतंय असं समजायचं. एनओएल नावाच्या दुसऱ्या यंत्रात उलट: १० ते २५ ठीक, त्यावर गेला की काळजी. म्हणजे ६० हा आकडा एका यंत्रावर उत्तम आणि दुसऱ्यावर वाईट. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं कोणतं यंत्र पाहिलं होतं? बहुधा एकही नाही.

यंत्र निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. नेदरलँड्समधल्या लायडनच्या २०१९ च्या चाचणीत, ८० पेशंटमध्ये, एनओएल पाहून डोस दिल्यावर रेमिफेंटानिल हे वेदनाशामक सुमारे ३० टक्के कमी लागलं आणि बीपी पडण्याचे प्रसंगही घटले. चांगलंच आहे. पण ते नसलं की भूलतज्ज्ञ आंधळेपणाने औषध देतो, असं यातून कुठे निघतं? नाडी, बीपी, घाम, डोळ्यांतलं पाणी बघून डोस ठरतोच. आणि नाडी रक्तस्रावानेही वाढते, तेव्हा आकडा असला तरी त्याचा अर्थ लावायला माणूसच लागतो.

‘नुसतं लुळं करतात’ हे सगळ्यात बिनडोक. झोपेचं औषध, वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारं औषध, या तिघांपैकी तिसरंच उचलून केलेली ही भीती आहे. मध्येच जाग येते का? क्वचित येते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी पाहणी झाली, एनएपी-५ नावाची. तिचा अहवाल २०१४ चा. पेशंटनी स्वतःहून सांगितलेल्या घटना धरल्या तर प्रमाण निघालं साधारण १९,००० भुलींमागे एक. स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल तर ८,००० मागे एक, नसेल तर १,३६,००० मागे एक. म्हणजे त्या औषधाचा संबंध आहे, नाकारत नाही. पेशंटना मुद्दाम खोदून विचारलेल्या अभ्यासांत प्रमाण हजारात एक-दोनपर्यंत जातं, हेही सांगून टाकतो. पण जाग आलेल्या सगळ्यांनाच वेदना झाल्या असं नाही. हलता न येण्याची भीतीच अनेकांच्या मनात बसली. आणि जाग आहे का, याचा अंदाज घ्यायला मेंदूच्या लहरी पाहणारं बीआयएससारखं वेगळं यंत्र असतं. मेसेजमधल्या यंत्राचं ते काम नव्हे.

फेंटानिलचं एका ओळीत: टेबलावर दिलेल्या डोसने व्यसन लागत नाही, घरी आठवडेच्या आठवडे ओपिऑइड, म्हणजे याच जातीच्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिलात तर धोका आहे, तो वेगळा विषय.

भूल-तपासणीला जाताना मावशीने गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायची आहेत. आधीच्या ऑपरेशनमध्ये जाग आली होती का, कशाची ॲलर्जी आहे का, तेही सांगायचंय. आणि असं यंत्र तुमच्याकडे आहे का, हे तिने खुशाल विचारावं. उत्तर ‘नाही’ आलं तरी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायची नाही.