चारचौघांत उठून दिसणारं, चारचौघांसारखंच नाव

बाळाचं नाव असं हवं की ते आजवर कुणाचंच नसेल, आणि ऐकल्यावर कुणी "काय म्हणालात?" असंही विचारणार नाही. या दोन अटींच्या मधे एक अरुंद फट आहे. तिच्यातून महाराष्ट्रातले सगळे आईबाप एकाच वेळी आत शिरतात, म्हणून बालवाडीच्या हजेरीपटावर तीन आरव, दोन विहान, चार अनन्या आणि, हे विशेष, दोन अद्वैत असतात. तुम्हीही या. सरकून घेऊ.

सुरुवात नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागणी टाकून करा. तिचा मसुदा ठरलेला आहे: 'स' वरून, दोन अक्षरी, शंकराचं पण जुनाट न वाटणारं, अर्थपूर्ण, युनिक. 'युनिक' विसरू नका, नाहीतर काकू 'समीर' सुचवतील. उत्तरादाखल चौघीजणी एकाच संकेतस्थळावरची एकच यादी पाठवतील. गेल्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमध्ये हीच यादी फिरली होती, पण तुम्ही ती नव्या डोळ्यांनी वाचा. यादी अकारविल्हे असते आणि दिवसभर दमलेला माणूस 'आ' संपेपर्यंतच टिकतो. अन्वी, अयांश, आद्या, आरव, आरोही ही सगळी त्या थकव्याची लेकरं आहेत. खरोखर वेगळं नाव हवं असेल तर यादी शेवटून वाचायला घ्या, हा साधा उपाय सांगता येईल. पण मग 'हेरंब' आणि 'हणमंत' लागतात आणि माणूस मुकाट्याने परत 'अ' वर येतो.

ज्योतिषाकडे जाणार असाल तर आधी हिशेब समजून घ्या. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे ४ चरण, एकूण १०८ चरण आणि दर चरणाला एक अक्षर. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण सुमारे सहा तासांचा. तुमच्या बाळासाठी खास निघालेलं अक्षर त्या सहा तासांत गावातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठीही खासच निघालेलं असतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी काय ठरवलंय ते आजच विचारून ठेवा. पुढे एकाच शाळेच्या फाटकात उभं राहायचं आहे.

अश्विनीचं चू, चे, चो, ला किंवा मघाचं मा, मी, मू, मे निघालं तर निभतं. खरी मजा आर्द्रेच्या तिसऱ्या चरणात आहे, तिथे 'ङ' येतो. उत्तराभाद्रपदेच्या चौथ्यात 'ञ', हस्ताच्या तिसऱ्यात 'ण'. युनिक हवं होतं ना? हस्ताचा चौथा चरण 'ठ', म्हणजे ठमा आणि ठकूबाई यांतून निवडा. आणि पूर्वाषाढेचा चौथा 'ढा'. मराठी शाळेत ज्याच्या नावाचं पहिलंच अक्षर ढ आहे, त्याच्या प्रगतिपुस्तकाकडे गुरुजी कुठल्या नजरेने बघतील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अशा वेळी त्याच नक्षत्राचं दुसरं अक्षर घ्या असं ज्योतिषीच सुचवतात. ग्रहांची हरकत नसते. तसंही नामकरणाच्या विधीत बाळाला देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी नावं मिळतात. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने ती लिहायची. ताट उचललं की व्यवहारनाम तेवढं उरतं आणि बाकीच्यांचा भात होतो.

शास्त्राचा आधारच हवा असेल तर पारस्कर गृह्यसूत्र घ्या. त्यात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, कृदंत असावं, तद्धित नसावं असं सांगितलं आहे. हे एवढंच वाक्य ग्रुपवर टाका. पुढचे दोन दिवस कुणीही काही सुचवणार नाही.

त्या दोन दिवसांत स्वतः नाव बनवायला घ्या. सोपं आहे. मुलासाठी कुठल्याही देवाला, वेदाला किंवा सद्गुणाला 'अंश' जोडा: शिवांश, रुद्रांश, वेदांश, देवांश, दिव्यांश. पूर्वी लोक मुलाला सरळ शंकर म्हणत, आता हिस्सा मागतात. रेयांशमधला 'अंश' कळतो. 'रेय' म्हणजे काय हे संस्कृत कोशाला विचारू नका, संकेतस्थळाला विचारा, तिथे सगळ्याला अर्थ असतो. 'आरव'चा अर्थ तिथे 'शांत' असा दिलेला सापडेल. कोशात आरव म्हणजे आवाज, ओरडा. बाळाने पहिल्याच रात्री कोशाची बाजू घेतली तर तक्रार करू नका. मुलीसाठी शेवटी 'वी' ठेवा: अन्वी, तन्वी, सान्वी, आर्वी. वर्गात बाईंनी "ए, वी" म्हणून हाक मारली की निम्म्या मुली उठल्या पाहिजेत.

आईबापांच्या नावांची सांधेजोड करणं ही दुसरी कृती. प्रेमाची खूण म्हणून तिला फार मान आहे. वडिलांची पुढची अक्षरं, आईची पुढची किंवा मागची. जोडून मोठ्याने वाचायचं. मात्र एक धोका आहे. सुहास आणि रेश्मा यांनी मन लावून जोड दिली की 'सुरेश' तयार होतो. संजय आणि गीता यांची 'संगीता', अनिल आणि सविता यांची 'अनिता'. दोन महिने खपून जगात कुणाचंच नसलेलं नाव शोधावं आणि शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव हातात यावं, असं या कृतीत वारंवार होतं.

जुनी नावं परत आणणार असाल तर अंतर नीट मोजा. पणजोबांचं नाव चालतं, आजोबांचं चालत नाही. मल्हार, राघव, केशव, रमा, जानकी मानाने परत आले. सुरेश, रमेश, दिलीप, मंगला, सुनंदा अजून रांगेत आहेत, कारण त्या नावांची माणसं रोज पहाटे ग्रुपवर सुप्रभात पाठवतात. नावाचा शेवटचा परिचित मालक हार घातलेल्या फोटोत जाऊन पंचवीसेक वर्षं उलटावी लागतात, मग नाव 'क्लासी' होतं. तुमच्या स्वतःच्या नावाला, संदीप असा नाहीतर वैशाली, अजून बराच अवकाश आहे. घाई करू नका.

अगदीच दुर्मीळ हवं असेल तर दगडू, धोंडू, केरू, भिकू मोकळे आहेत. आधीची मुलं दगावलेल्या घरात काळाची नजर जाऊ नये म्हणून ही नावं ठेवत. त्या आईबापांना मूल उठून दिसायला नको होतं, दिसायलाच नको होतं. मुलींवर मुली झाल्या की नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त 'नकुसा' मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं मिळाली, इतकं ते नाव तिथे 'कॉमन' होतं. एकूणच मुलीच्या नावाची पूर्वी फार चिकित्सा करत नसत, कारण लग्नात सासरची मंडळी तांदळाच्या ताटात दुसरं लिहिणारच असायची.

नाव मराठीत ठरलं म्हणजे निम्मं काम झालं. मूल जन्मभर वापरणार आहे ते इंग्रजी स्पेलिंग. 'ऋ' आला की आपण 'रु' म्हणतो, हिंदी पट्टा 'रि'. 'ज्ञ' आपण डी-एन-वायने लिहितो, ते जी-वायने; म्हणून पुण्याची प्रज्ञा दिल्लीला उतरली की तिची 'प्रद्न्या' होते. मृण्मयी ठेवणाऱ्यांनी मधे रु की रि, शेवटी आय, डबल ई की वाय, याच्या सगळ्या जोड्या कागदावर मांडून मगच पुढे जावं. प्रत्येक कार्यालय त्यातली एकेक वापरणार आहे. हृषीकेशचं तर इंग्रजीपर्यंत जायलाच नको. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश, म्हणून पोटफोड्या ष आणि त्याला दीर्घ ई. शाळेच्या दाखल्यावर तो ऋषिकेश होऊनच येतो आणि दुरुस्तीला गेलात तर कारकून तुम्हालाच शुद्धलेखन शिकवतो. ऋ, ज्ञ, ळ, ण सगळे टाळलेत तर नाव परदेशात खपतं. तिकडेच राहणार असाल तर हर्षित, परीक्षित अशी 'षित'वर संपणारी नावंही गाळा; का ते वर्गातली मुलं पहिल्याच आठवड्यात समजावतील. मग उरतात नील, रोहन, माया, रिया आणि अनिका, आणि रविवारच्या मराठी शाळेत तेवढेच भरलेले असतात.

स्पेलिंगमध्ये अंकशास्त्र घालायचं तर जादा 'ए' सगळ्यांत सोयीचा. त्याची किंमत पायथागोरसच्या पद्धतीत १ आणि खाल्डियन पद्धतीतही १, त्यामुळे बेरीज एकाने सरकवायला तो उत्तम. 'एच' मात्र जपून लावा: एका पद्धतीत तो ८ भरतो, दुसरीत ५. चुकीच्या पद्धतीचा एच लागला तर तीन घरं पुढे जाऊन दुसऱ्याच कुणाचं नशीब उघडेल. यानंतर रुग्णालयाच्या कागदावर एक ए, आधारवर दोन आणि शाळेत तीन अशी प्रगती होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापलं जाईल ते खरं मानायचं आणि बाकीच्यांसाठी 'या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवायचं.

आता नाव आडनावाशेजारी ठेवून बघा. आईबाप नाव एकटंच म्हणून बघतात, हजेरी मात्र पूर्ण नावाची होते. शुभ्रा काळे, सरला वाकडे, शीतल उन्हाळे या संभाव्य मुलींची यात काहीच चूक नाही. मग आद्याक्षरं. मुलाचं नाव 'मा'ने, वडिलांचं 'क'ने आणि आडनाव 'ड'ने सुरू होत असेल, तर फळ्यावर काय लिहिलं जाईल ते उघड आहे. सुदैवाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मधे आईचं नाव लिहायचं असतं. ज्या कामाचं श्रेय या निर्णयाला अजून कुणी दिलेलं नाही ते हे, की त्याने बरीच माकडं टळली.

दोन परीक्षा राहिल्या. पहिली उखाण्याची. 'अंश'ला यमक वंश, दंश आणि, थोडं ओढून, ध्वंस. भावी सुनेला यांतूनच काहीतरी जुळवत शिवांशरावांचं नाव घ्यायचं आहे. दुसरी परीक्षा काकांची: नावापुढे काका, मावशी, आजी लावून म्हणा. कियाराआजी, रेयांशआजोबा. हसू आलं तर म्हणून म्हणून सवय करा, कारण पन्नासेक वर्षांनी आख्खी पिढीच या नावांची असेल आणि पेन्शनच्या रांगेत कुणाला काही वाटणार नाही.

नोंदणीची मात्र घाई नको. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, नावाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. नोंदणीनंतर १२ महिने नाव फुकट घालता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. कायद्याने विचाराला पंधरा वर्षं दिलेली असताना लोक बारशाच्या दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत जातात. एकदा घातलेलं नाव मग हौसेखातर बदलून मिळत नाही, चूक असेल तर दुरुस्त होते, आणि 'आता सगळ्यांनीच हेच ठेवलंय' ही कायद्याच्या लेखी चूक नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, मतदारयादी, लायसन, पासपोर्ट सगळीकडे हाच जन्मदाखला पुढे करायचा आहे. तिथले तीन ए सगळीकडे बरोबर येतील.

बारशाला आत्याच्या कानात नाव आधी सांगून ठेवा. 'कुर्रर्र' झाल्यावर आणि पाठीत धपाटे बसत असताना तिला 'अयांश' आठवेल याची खात्री नसते, आणि तिने घाईत 'आकाश' म्हटलं तर घुगऱ्या वाटून झालेल्या असतात. त्या दिवसानंतर ते नाव घरात फारसं ऐकू येणार नाही. पूर्वी याला कारण होतं: नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, सुनेने सासऱ्यांचं नाव उच्चारायचं नाही, म्हणून बाळ, नाना, बंडू. आता कुणी कुणाला नावाने हाक मारायला अडवत नाही, तरी बाळ पिल्लू, बबड्या किंवा चिऊच असतं. शाळेतली दोस्तमंडळी उरलेलं काम करतात. अनिकेत, अनिरुद्ध, अनय, अन्वय, कुणीही असो, मैदानावर सगळे 'अन्या'. आरवचा आरव्या पहिलीतच होतो.

दुसऱ्या बाळाच्या वेळी यमक जुळवायचा मोह होईल: रेयांशची बहीण रेयांशी. जुळवा. फक्त लसीकरणाच्या कार्डांना वेगळ्या रंगाची कव्हरं घाला आणि दवाखान्यात शिरताना जन्मतारीख आधी सांगा, नाव नंतर.