नाव एक, रायफली वेगळ्या

जुन्या विंचेस्टर, मार्लिन रायफली बाळगणाऱ्या अमेरिकी शौकिनांमध्ये एक सल्ला फार फिरतो. 'पूर्वीचं लोखंड दणकट होतं. नळीवर कोरलेल्या नावाचं कुठलंही काडतूस बिनधास्त चालवा. काडतूस घरी भरायचं असेल तर बंदुकीच्या काळ्या दारूच्या निम्म्या वजनाची बिनधुराची दारू घाला. गोळी कुठलीही बसवा, जाडी जमली की झालं.' चार वाक्यं, आणि चारही हात-डोळे गमावण्याची सोय करणारी.

आधी लोखंड. १८७३ च्या विंचेस्टरचा सांगाडा सुरुवातीला घडीव लोखंडाचा होता, पोलादाचा नव्हे. बार होताना काडतुसामागचा बोल्ट धरून ठेवतात ते गुडघ्यासारखे दुमडणारे दुवे. ही रचना १८६० च्या हेन्री रायफलीतून आलेली, काळ्या दारूच्या दाबासाठी केलेली. दीडशे वर्षं टिकली म्हणजे ती काहीही सोसेल, हा तर्क मला अजब वाटतो. बहुतेकींना आयुष्यभर हलकाच दाब सोसावा लागला, म्हणून तर त्या टिकल्या.

नावाची गोष्ट तर खुद्द विंचेस्टरनेच खोटी पाडली आहे. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९२ च्या मॉडेलला बोल्ट अडवणारे दोन उभे लॉक दिले, आणि ती रायफल कितीतरी मजबूत झाली. पुढे कंपनीने तिच्यासाठी ४४-४० या मापाची जास्त वेगाची काडतुसं काढली, आणि ती १८७३ च्या रायफलीत वापरू नका, असं खोक्यावरच छापलं. नाव तेच, माप तेच, रायफल वेगळी. ४५-७० या दुसऱ्या मापाचंही तसंच. काडतुसं भरण्याच्या पुस्तकांत त्याचे वेगवेगळे तक्ते असतात: १८७३ च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डसाठी एक, आजच्या मार्लिनसाठी दुसरा, रुगरच्या एकबारी रायफलीसाठी तिसरा. पान चुकलं की संपलं.

'निम्मं वजन' हा सल्ला सगळ्यांत वाईट. काळी दारू काडतुसाच्या पुंगळीत ठासून भरतात. गोळीखाली पोकळी ठेवायचीच नसते. ४४-४० च्या नावातला ४० हा आकडा त्याच दारूचा, ग्रेन या बारीक वजनातला. बिनधुराच्या दारूत ताकद खूप जास्त असते, आणि ती किती झपाट्याने जळते हे प्रत्येक डब्यागणिक बदलतं. त्यामुळे वजनाचं असं कुठलंही गुणोत्तर असूच शकत नाही. जे काही असतं ते त्या-त्या दारूच्या तक्त्यात. शिवाय तिचं योग्य माप बरेचदा पुंगळीच्या तळाशीच राहतं. चुकून दुप्पट पडलं तरी गोळी सहज बसते, बाहेरून काही कळत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून आत टॉर्च मारायचा. हा कंटाळा करणाऱ्याने या नादी लागू नये.

आता गोळी. या रायफलींत काडतुसं नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये एकामागे एक आडवी बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला टेकलेलं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर धक्क्याने मॅगझिनमध्येच बार उडू शकतो. म्हणून चपट्या नाकाची गोळी. हॉर्नाडी कंपनीने मऊ रबरी टोकाची टोकदार गोळी काढली आहे, पण ती खास याचसाठी बनवलेली. इतर टोकदार गोळ्यांना तो परवाना नव्हे. मॅगझिनची स्प्रिंग आणि बाराचा धक्का गोळीला मागे रेटतात, तेव्हा पुंगळीचा काठ गोळीच्या खाचेत नीट दाबलेला हवा. ४४-४० ची मान इतकी पातळ की साच्याच्या तोंडाला जरा घासली तरी दुमडते. जाडीचं म्हणाल तर जुन्या नळ्यांची मापं एकसारखी नाहीत; मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून बाहेर काढायचा, तो मोजायचा, मग गोळी निवडायची.

पुंगळ्या कितीही वेळा वापरता येतात, हेही कुणीतरी जोडतं. १८९४ च्या विंचेस्टरचा बोल्ट मागच्या टोकाला अडकतो, त्यामुळे ३०-३० ची पुंगळी बुडाच्या जरा वर ताणली जाते. टोक वाकवलेली तार आतून फिरवा. खाच लागली की ती पुंगळी भंगारात.

आणि जास्त दाब हवाय तरी कशाला? मूळ काळ्या दारूचं ४४-४० काडतूस २०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १२०० फुटांनी सोडतं. काउबॉय पद्धतीच्या स्पर्धांतल्या पोलादी पाट्यांसाठी ते भरपूर आहे. वर ती पातळ मान फुगून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) घट्ट बंद करते, काजळी मागे कमी येते. नळी मात्र त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुवावी लागते.