पक्याचा वन बीएचके आणि सरकारचे एक लाख ऐंशी हजार

नाशकातल्या पवननगरच्या कट्ट्यावर शनिवारी घराच्या सरकारी सबसिडीवरून जे पेटलं ते सोमवारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर धुमसत होतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, नाहीतर सच्या ग्रुपवर त्याचं तेवढंच व्हर्जन फिरवत बसेल.

विषय निघाला पक्यावरून. पक्या अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, पगार अठ्ठावीस हजार, वहिनी पॅकिंगला जातात त्यांचे दहा. पाथर्डी फाट्याच्या पुढे एका बांधकाम चालू असलेल्या स्किममध्ये वन बीएचके बघितलाय, सव्वीस लाख. बँक म्हणे वीस लाखांपर्यंत देईल, हप्ता सतरा हजाराच्या वर. आणि बिल्डरच्या ऑफिसातला पोरगा त्याला सांगतो, टेन्शन काय घेता साहेब, पीएम आवास योजनेतून एक ऐंशी, म्हणजे एक लाख ऐंशी हजार सुटतात की. पक्या खुश. कट्ट्यावर येऊन चहा सांगितला सगळ्यांना, हे पण नवलच.

सच्याने चहा घेतला आणि लगेच सुरू झाला. आम्ही टॅक्स भरायचा आणि तुम्ही घरं घ्यायची का, ज्याला परवडत नाही त्याने भाड्याने रहावं, आज घराला सबसिडी उद्या गाडीला मागाल. सच्या पुण्याच्या कंपनीत आयटीत आहे, काम घरून, फ्लॅट गंगापूर रोडला, त्यामुळे त्याला गरिबीवर बोलायला भरपूर वेळ असतो.

देवा एरवी शांत असतो. टॅक्सवाल्याकडे कामाला आहे, सच्याचं रिटर्न त्याच्याच टेबलावरून जातं. तो म्हणाला सच्या, तू अजून जुन्या टॅक्स रिजिममध्येच आहेस ना, होमलोनच्या व्याजाचे दोन लाख वजा करतोस ना दरवर्षी? सच्या म्हणे हो मग, तो माझा हक्क आहे. देवा म्हणाला तुझा स्लॅब तीस टक्क्यांचा, दोन लाखावर साठ हजार वाचले, सेस धरून बासष्ट हजार चारशे, दरवर्षी. पक्याला मिळणार एकूण एक लाख ऐंशी हजार, ते पण पाच वर्षांत छत्तीस-छत्तीस हजार करून. म्हणजे तीन वर्षांत तू पक्याच्या आख्ख्या सबसिडीच्या पुढे जातोस, आणि तुझं लोन वीस वर्षांचं आहे. आता बोल कोण कुणाच्या पैशावर घर घेतंय.

सच्या म्हणाला ते वेगळं, ती माझ्याच कमाईतली सूट आहे. देवा म्हणाला सरकारच्या तिजोरीला काय फरक पडतो, पैसा गेला तो गेला, तुझा गुपचूप जातो म्हणून त्याला कुणी अनुदान म्हणत नाही इतकंच. मला विचाराल तर त्या संध्याकाळचा सगळ्यात खणखणीत मुद्दा हाच होता. पक्यासारख्याला इन्कमटॅक्सच लागत नाही तर त्याला वजावट कसली मिळणार, म्हणजे जितका पगार मोठा तितकी सरकारची मदत मोठी, आणि बोंब मात्र खालच्याच्या नावाने.

पण म्हणून पक्याची सबसिडी लय भारी आहे असं पण नाही, आणि इथे मी मधे पडलो. २०१५ साली पीएम आवास आली तेव्हा कमी उत्पन्नवाल्यांना सहा लाखाच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज सवलत होती, पुढे ती जास्तीत जास्त दोन लाख सदुसष्ट हजारांपर्यंत गेली. ती २०२२ च्या मार्चमध्ये बंद झाली. मग २०२४ मध्ये २.० आली, वर्षाला नऊ लाखापर्यंत उत्पन्न, घर पस्तीस लाखाच्या आत, कर्ज पंचवीस लाखापर्यंत, त्यातल्या पहिल्या आठ लाखावर चार टक्के व्याज सवलत, मर्यादा एक ऐंशी. म्हणजे मधल्या काळात घरं महागली आणि मदतीचा आकडा खाली आला.

बरं आता पक्याचा हिशोब धरा. सव्वीस लाखावर नाशकात सहा टक्के स्टॅम्प ड्युटी, झाले एक लाख छप्पन्न हजार. एक टक्का रजिस्ट्रेशन, सव्वीस हजार. टोटल एक लाख ब्याऐंशी. म्हणजे सबसिडीपेक्षा दोन हजार जास्तच, वर बांधकाम चालू आहे म्हणून एक टक्का जीएसटी आणखी सव्वीस हजार. केंद्र देतं, राज्य घेतं, पक्या मधे उभा. आणि खरी गोम पुढेच आहे, स्टॅम्प ड्युटी आधी रोख भरायची आणि सबसिडी नंतर पाच वर्षांत हळूहळू लोनच्या खात्यात जमा होणार. पक्याची अडचण पुढच्या हप्त्यांची नाहीये, त्याला आत्ता सहा लाख स्वतःचे आणि वर हे दोन लाख कुठून आणायचे हा प्रश्न आहे. तिथे सरकार कुठेच नाही, तिथे सासरा आणि पतसोसायटीचं कर्ज आहे.

आणि ज्याला बँक उभंच करत नाही त्याचं काय? पंचवटीत भाजीची गाडी लावणारा, रिक्षावाला, हातात पगार घेणारा कॉन्ट्रॅक्ट कामगार, पगाराची स्लिप नाही, रिटर्न नाही, मग होमलोनचे वांधे, आणि होमलोन नाही तर व्याजाची सवलत कशावर. ही व्याजाची योजना गरिबासाठी म्हणतात पण खरं तर ती पक्यासाठी आहे, म्हणजे गरिबातल्या बऱ्या अवस्थेतल्यासाठी.

अण्णा तोपर्यंत गप्प तंबाखू मळत होते. मग म्हणाले, आम्हाला कुठे सबसिडी होती रे? आम्हाला सिडकोने घर दिलं. पत्र आलं, हप्ते भरले, राहिलो, पोरं मोठी झाली तसा वर मजला चढवला. तुम्ही आत्ता ज्या कट्ट्यावर बसलात ना तो आख्खा भाग तसाच वसलाय. अण्णांचं बरोबर आहे, सिडकोने सहा योजनांमध्ये वीस-पंचवीस हजार घरं बांधली इथे, सातपूर-अंबडच्या कामगाराला परवडतील अशी, लहान, भिंतीला भिंत लागून, पण हक्काची. सरकारने तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात पैसे ठेवून बिल्डरकडे पाठवलं नाही, घरंच बांधली. मी म्हटलं अण्णा हेच तर मला म्हणायचंय, द्यायचं तर घर द्या, व्याजाची सूट नको, कारण सूट देता येते हे बिल्डरला पण कळतं आणि भाव बोलताना तो ते आधीच धरून बोलतो. त्याच्या ऑफिसातला पोरगाच एक ऐंशीचं गाजर दाखवतोय यातच सगळं आलं.

तेवढ्यात दादू उसळला. दादू अंबड गावातला, जुनं शेतकरी घराणं. म्हणाला अण्णा तुम्हाला सबसिडी नव्हती कोण म्हणतं, ती माझ्या आजाने दिली. अंबड, मोरवाडी, कामटवाडे, उंटवाडी, सगळ्यांच्या जमिनी गेल्या त्यात, आणि तेव्हाचा भाव काय होता विचारा घरी येऊन. तुमचं घर स्वस्त पडलं कारण आमचं शेत स्वस्त गेलं.

यावर कुणाला काही सुचेना. अण्णा म्हणाले, खरंय. बस एवढंच. मला पण त्याला उत्तर देता आलं नाही, फक्त एवढं वाटलं की पैसा कुणाचा तरी जाणारच असेल तर तो सगळ्यांच्या टॅक्समधून जाणं चार गावांच्या बांधावरून जाण्यापेक्षा बरं.

मग म्हाडाच्या वीस टक्क्यांवर गाडी गेली. नियम असा की चार हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रोजेक्टमध्ये वीस टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायची, म्हाडा लॉटरी काढणार. ऐकायला झकास. नाशकात ही घरं म्हाडाकडे आलीच नाहीत हा आरोप २०२२ मध्ये विधान परिषदेत गाजलाच, महापालिका आयुक्तांची बदली होईपर्यंत प्रकरण गेलं. देवा म्हणाला ही वीस टक्के घरं जरी सगळी वेळेवर म्हाडाकडे आली असती ना तर पक्याला एक ऐंशीच्या मागे पळावंच लागलं नसतं. सच्या इथे चक्क हो म्हणाला, पण त्याचं कारण वेगळं होतं, म्हणे त्यात बिल्डरचं जातं, माझं नाही. असतात काही माणसं.

शेवटी पक्या वैतागला. म्हणाला तुमचं धोरण नंतर ठरवा, मी फॉर्म भरू का नको ते सांगा. देवा म्हणाला भर ना येड्या, मिळतंय ते सोडू नको, फक्त त्याच्या जिवावर बजेट वाढवू नको. आणि घर एकट्या वहिनींच्या नावावर घे, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते, सव्वीस हजार वाचतील, जॉइंट केलंस तर नाही मिळणार, आणि योजनेला पण बाईचं नाव लागतंच.

पक्याने तिथल्या तिथे घरी फोन लावला, स्पीकरवर. सगळं समजावून सांगितलं, टक्के, सूट, हप्ते. वहिनी ऐकून घेऊन म्हणाल्या, माझ्याच नावावर करायचंय ना, मग त्यात एवढी चर्चा कसली, येताना दूध आणा.