धुणं, आठ नग

मराठीत फिल्म ‘डेव्हलप’ करत नाहीत, धुतात. रोल धुवायला टाकला, फोटो धुऊन आले, असंच आपण म्हणत आलो. माझ्या सगळ्या हालांचं मूळ या क्रियापदात आहे. चार बाय पाच इंचांच्या आठ ब्लॅक अँड व्हाइट शीट्स घरीच डेव्हलप करणार, असं मी जाहीर केलं तेव्हा बायको म्हणाली, “धुवायच्याच आहेत ना? मग रविवारी धुऊन टाक.”

त्यानंतर तेरा रविवार गेले.

शीट फिल्म म्हणजे रोल नव्हे. एका फोटोला एक सुटी फिल्म, पत्त्याच्या पानासारखी. एका होल्डरच्या दोन बाजूंना दोन बसतात. माझ्याकडे होल्डर चार, म्हणून फोटो आठ. तीन झाडं, एक बंद दरवाजा, एक पाण्याची टाकी, विजेचा खांब दोनदा (पहिल्या वेळी डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं काळं झाकण, ओढली होती की नाही याची खात्री नव्हती) आणि चौथ्या होल्डरच्या दुसऱ्या बाजूला बायको. त्या एका फोटोसाठी ती खुर्चीत अर्धा तास बसली होती, शेवटची दोन सेकंदं तर श्वास रोखून. “हा दिसणार कधी?” असं तिने तेव्हाच विचारलं होतं. मी म्हणालो होतो, “लगेच.”

ते ‘लगेच’ उपकरण निवडण्यात अडकलं. रोलवाल्यांचं बरं असतं. एक टँक, एक रीळ, विषय संपला. शीटवाल्यापुढे इतक्या वाटा असतात की नमनालाच घडाभर तेल जातं. मी दोन जाणकारांना विचारलं आणि तीन मतं घेऊन घरी आलो. पहिले म्हणाले, हँगर आणि खोल टँक घ्या, पूर्वी सगळे तेच करायचे. शीट धातूच्या चौकटीत अडकवायची आणि एका टँकमधून दुसऱ्यात बुडवत न्यायची. आठ फोटोंसाठी एकेका टँकात दोनेक लिटर रसायन ओतायचं, म्हणजे आंघोळीला विहीर खणण्यासारखं. शिवाय जोरात हलवलं तर चौकटीच्या भोकांतून डेव्हलपर उसळतो आणि कडेला पट्टे उमटतात. दुसरे म्हणाले, फिरता ड्रम घ्या. रसायन थोडंसं लागतं आणि उजेडात काम होतं. फक्त ड्रम सतत फिरत असल्यामुळे वेळ थोडा कमी धरायचा. थोडा म्हणजे किती, यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होईना. तिसरं मतही त्यांचंच, जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हाचं: “खरं सांगू का, मी ट्रेच वापरतो.”

मधल्या काळात मी शीटची सुरळी करण्याच्या पद्धतीच्या प्रेमात पडलो. इमल्शन, म्हणजे फोटो उमटतो तो थर, आत ठेवून शीट वाकवायची, रबरबँड लावायचा आणि साध्या रोलच्या टँकात उभी करायची. नवं काहीच घ्यायला नको. रबरबँड घट्ट होत होते म्हणून मी बायकोचे केसांचे बँड घेतले. चार घेतले. फिल्म वाया जाऊ नये म्हणून जुन्या पोस्टकार्डांवर सराव केला. सकाळी ती घाईत केस हातात धरून घरभर बँड शोधत होती आणि टेबलावर पोस्टकार्डांच्या चार सुरळ्या तिच्याकडे बघत होत्या. त्या पद्धतीत बँडखाली फिल्मच्या पाठीवरचा रंग धुतला जात नाही, असं मला नंतर कळलं. पण ती पद्धत मी सोडली त्याचं कारण ते नाही.

चार शीट्सचा चपटा टँकही पाहिला, पॅटरसनच्या टँकात बसणारा सहा शीट्सचा साचाही पाहिला. चारच्या टँकात दोनदा धुणं काढावं लागणार, सहाच्या साच्यात दोन शीट्स उरणार. आठांचा हिशेब कुठेच जुळेना.

डेव्हलपरचं वेगळंच रामायण. रोडिनल 1891 सालचं, म्हणजे अनुभवी. डी-76ही शंभरीच्या आसपासचं. पायरोनं डाग पडतात आणि ते डाग चांगले असतात असं म्हणतात. शिवाय ते विषारी असतं. हे शेवटचं मी घरी बोललो नाही. थोर अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टन मात्र पायरोच वापरत असे, तेही ट्रेमध्ये, मधूनमधून मंद हिरव्या उजेडात फिल्म निरखत. हे वाचलं आणि ट्रेवर शिक्कामोर्तब झालं. पायरोवर नाही, वेस्टन व्हायला एक ट्रे पुरे. शीटचा खरा फायदा म्हणजे प्रत्येक फोटोला वेगळा वेळ देता येतो. दुसरा थोर फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, त्याची झोन सिस्टिम, म्हणजे उजेड-सावलीचा सगळा हिशेब, त्यावरच उभी. पण माझ्या आठांत वेगळी वागणूक देण्याजोगं होतं काय, तर एक खांब. सगळ्यांना सरसकट डी-76, निम्मं पाणी घालून, 20 अंशांना 11 मिनिटं.

ट्रेची रीत ऐकायला सोपी आहे. शीट्सची गड्डी द्रवात बुडलेली असते. सगळ्यात खालची काढायची आणि अलगद वर ठेवायची. पुन्हा खालची वर. एवढंच, फक्त ठार काळोखात. ओलं इमल्शन फुगून मऊ होतं, एका शीटचा कोपरा दुसरीला लागला की ओरखडा कायमचा. म्हणून मी आठवडाभर पोस्टकार्डं पाण्यात घालून, डोळे मिटून सराव केला. एकदा डोळे उघडले तेव्हा बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही. तिने हळूच दार लावून घेतलं.

चौदाव्या रविवारी मुहूर्त लागला. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. काळोखात दहा मिनिटं बसलं की कळतं, आपल्या घरात काळोख म्हणून नसतोच. कडीच्या भोकातून उजेड, गीझरचा लाल ठिपका, माझ्याच मनगटावर हिरवट चमकणारे काटे. घड्याळ काढून बाहेर दिलं. मग वेळ कोण सांगणार? बायको दाराबाहेर स्टूल घेऊन बसली.

फिल्मचा डबा उघडला. कोपऱ्यातल्या खाचा वर उजव्या हाताला आल्या की इमल्शन आपल्याकडे तोंड करून असतं. काळोखात उजवा हात कुठला, हे मी दोनदा तपासलं. कोरड्या शीट्स एकदम ओल्या झाल्या तर एकमेकींना चिकटतात, म्हणून आधी साध्या पाण्यात एकेक सोडायची. मी एकेक सोडू लागलो. मध्येच कुठेतरी ‘टप्’ आवाज झाला. नळ ठिबकत असेल. पायाला बादली लागत होती, ती अंगठ्याने सरकवली.

“झालं का सुरू?”

“सुरू!”

खालची वर, खालची वर. बोटांना गड्डी जरा पातळ वाटली, पण सरावाची पोस्टकार्डं जाड होती. “तीन मिनिटं!” खालची वर. “पाच!” मग दाराची बेल वाजली आणि पावलं दूर गेली. मी वेळ मोजायला पाढे म्हणू लागलो. एकोणतीसचा पाढा मला उजेडातही येत नाही. सत्तावीसचा तिसऱ्यांदा म्हणत होतो, तेव्हा दाराशी शांतपणे आवाज आला, “साडेअकरा.”

डेव्हलपर थांबवायला स्टॉप बाथ. फोटो पक्का करायला फिक्सर. काही मिनिटांनी दिवा लावला आणि पहिली शीट उचलली. झाडाची एकेक फांदी काळ्या आकाशावर उलट्या रंगात लखलखत होती. तेरा रविवार मी क्षणात विसरलो. दुसरं झाड, तिसरं. दरवाजा. टाकी. खांब. खांब, म्हणजे पहिल्या वेळीही डार्क स्लाइड ओढलेली होती! हा आनंद ओसरेपर्यंत मी मोजलं नव्हतं.

सात.

मी ट्रेखाली पाहिलं, ट्रेमागे पाहिलं. सातही धुऊन, चिमट्यांनी एकेका कोपऱ्याला दोरीवर टांगल्या आणि सगळं जागच्या जागी ठेवायला लागलो. बादली बायकोनं उचलली. तिच्या बुडाला काहीतरी चिकटलं होतं, फिकट करडं-जांभळं, कोपऱ्यात खाचा असलेलं. लख्ख उजेडात.

“हे काय?”

“आठवी,” मी म्हणालो. “खांब.”

“मग दोरीवर खांब किती आहेत?” असं म्हणत ती दोरीपाशी गेली आणि पहिल्या टोकापासून एकेक निगेटिव्ह दिव्याच्या उजेडात निरखू लागली. मी धुतलेला ट्रे पुन्हा धुवायला घेतला.