कूलंट कमी झालं म्हणजे हेड गॅस्केटच गेलं, असं नाही

‘कूलंट कमी होतंय आणि गाडीखाली थेंब नाही, म्हणजे हेड गॅस्केट गेलं,’ असा मेसेज फिरतोय. (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील.) कृपया त्यावरून लगेच इंजिन खोलू नका. बारीक गळती गरम इंजिनावरच वाफ होऊन उडते, जमिनीपर्यंत पोचतच नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हातपंपाचा प्रेशर टेस्टर रेडिएटरच्या किंवा कूलंट टाकीच्या तोंडाला लावून तिच्या झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या (बऱ्याच गाड्यांत 1.1 बारच्या आसपास) आणि 15 मिनिटं काटा बघा. उतरला तर होजचे जोड, वॉटर पंप, डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं आहे का (म्हणजे हीटरमधून गळती) तपासा. वाळलेल्या कूलंटची हिरवी-गुलाबी पापडी बहुतेकदा जागा दाखवते. झाकणाचं रबर वेगळं तपासा, ते फार जण विसरतात. बाहेर काहीच सापडलं नाही, तर मग गॅस्केटचा संशय. त्यासाठी निळ्या द्रवाची टेस्ट असते, सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळं पडतं.